जव शोधताना

पाद्री जाऊन सहा वर्षं झाली. जाताना
लॅपटॉप चर्चमध्येच ठेवून गेला, आणि त्यात ते सॉफ्टवेअर.
तेव्हापासून आम्ही म्हातारे पाळीपाळीनं प्रवचन करतो,
वेस्ट्रे बेटावरच्या अकरा माणसांपुढे.
त्यातली दोन बहिरी.

ह्या रविवारी पाळी माझी. सुगीचा रविवार.
म्हणून खिडकीपाशी बसून, दोन बोटांनी,
शोधलं : जव.
बाहेर माझा स्वतःचा जव वाऱ्यानं आडवा झालेला.
पडद्यावर तीसेक ओळी आल्या,
मेंढरं फाटकातून येतात तशा, एकमेकींना ढुशा देत :
रूथ सरवा वेचताना,
कुण्या पोराच्या पाच भाकरी,
आणि मधेच ही. रिस्पा.

नावावर टिचकी मारली.
चार उल्लेख. बाप अय्या. शौल राजाची रखेली. मुलगे दोन.
दोघांना, आणखी पाचांबरोबर, गिबाच्या डोंगरावर टांगलं.
जवाची कापणी नुकती लागली होती.
तिनं खडकावर गोणपाट अंथरलं
आणि आभाळातून पाणी पडेपर्यंत
दिवसा पाखरं, रात्री जनावरं
त्यांना शिवू दिली नाहीत.

आभाळातून पाणी पडेपर्यंत!
आमच्याकडे तिला दुपारपर्यंतही बसावं लागलं नसतं.
टीप मात्र म्हणते, पाच महिने, कदाचित सहा.
दुसरी टीप म्हणते, छे, काही आठवडेच,
अवेळी एखादी सर आली असावी.
दोघंही पंडित. दोघांनीही
मेलेल्या मेंढीपाशी अख्खा दिवस काढलेला नाही.
मी काढलाय. बॉनक्सी पक्षी आधी डोळे घेतो.
काठी फिरवता फिरवता दुपारी खांदा जातो,
आणि ते पक्ष्याला कळतं.

सॉफ्टवेअरला पुष्कळ येतं.
डोंगर फिरवून दाखवतं, वंशावळ झाडासारखी उघडतं.
मूळ नावाचा अर्थ विचारला तर म्हणालं : निखारा.
त्याच अक्षरांचा दुसरा अर्थ : फरसबंदी.
मग विचारलं, ती बोलली काय?
दावीद बोलतो. अबनेर तर तिच्यावरूनच भांडतो.
तिचं वाक्य, शून्य.

एकोणीसशे छप्पनचा फेब्रुवारी. मी सात वर्षांचा.
स्वेनची होडी आधी सापडली, स्वेन तीन दिवसांनी,
भरतीच्या रेषेवर, काळ्या खडकांत.
डॉक्टरनं बघेपर्यंत हलवायचं नाही, असा निरोप,
आणि कर्कवॉलहून डॉक्टरची लाँच निघेना, समुद्रच तसा होता.
आईनं मेणकापड अंथरलं आणि वल्हं हातात घेतलं.
दोन दिवस, मधली रात्र.
मी चहा घेऊन गेलो. तिनं किटली घेतली,
माझ्याकडे पाहिलं नाही,
ती वर पाहत होती.
पुढे तेहतीस वर्षं जगली. त्यावर एक अक्षर नाही.
ते वल्हं मात्र कोठारातून कुणाला हलवू दिलं नाही.

रात्री साडेअकराला, मूर्खासारखं,
शोधाच्या चौकोनात तिचं नाव टाकलं : बार्बरा ड्रेव्हर.
काही सापडलं नाही.
खाली बारीक अक्षरांत विचारलेलं,
तुम्हाला बरब्बा म्हणायचं होतं का?

नाही, म्हणालो मी, चांगलं मोठ्यांदा,
कुत्र्यानं डोकं वर केलं.

प्रवचन अजून व्हायचंय. जवावरची चार वाक्यं तेवढी आहेत.
रविवारी पुढच्या बाकावर थोरफिन लिंकलेटर असेल,
नव्वदीचा. त्या खडकांवर तोही होता, आईपासून वीस पावलांवर,
हातात टोपी धरून.
त्याला आता ऐकू येत नाही.
तो ओठ वाचतो.